बोडीत धुतलेला ड्रम

१९८६ साल. मी एकेचाळीस वर्षांचा होतो, चामोर्शीकडच्या आमच्या गावात. पुढचं मी घरवालीलेही सांगतलं नाई — ती मरेपर्यंत नाई. आता तुमाले सांगतो.

आम्ही धिवर. गावच्या बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, मासोळीचा कारभार माझ्याकडं. पाणी नुसतं हुंगून मी सांगायचो, आज मासा कुठी बसला. लोक मानायचे. चौथीही पास नाई मी, पण पाण्यातलं मले कोणी शिकवावं? — अशी घमेंड.

त्या पावसाळ्यात बोडीत मासोळीचं बोटाएवढं बीज सोडलं होतं. माझा साळा चंद्रपूरकडं प्लास्टिकचे पाइप बनवायच्या कारखान्यात होता. त्यानं एक रिकामा ड्रम दिला. तळाशी तेलासारखं काही उरलं होतं — पाइप आचेवर करपू नये म्हणून प्लास्टिकात घालायचं औषध.

"भाऊजी, बोडीत नका धुवू. लय जालीम आहे हे."

"मासे मी पोसतो का तू?"

बोडीतच धुतला. तीनदा खंगाळला. पाण्यावर रंगीत तवंग पसरला — पाहिला मी तो, हातानं लोटला. जेवताना घरवाली म्हणाली, "अवो, हा कायचा वास येऊन राह्यला हाताले?" मी जेवत राह्यलो.

तिसऱ्या दिवशी बीज तरंगलं. काठाकाठानं, पांढरी पोटं वर. बेडकाची पिल्लंही. गाव बोडीच्या पाळीवर, बांधावर जमला अन् सगळे माझ्याकडं पाहत — भाऊ, काऊन मेलं?

तेव्हा बोलता आलं असतं. काय गेलं असतं माझं? नाव. तेवढंच.

देवू गोंड तिथंच उभा होता. सांडव्याशी मासे धरायची टोपली लावायचा त्याच्या बापापासूनचा हक्क. पावसाळाभर घरातल्या पाच जणांचं भातावरचं त्यातून निघे. उन्हाळ्यात नाल्याच्या डोहात तो जंगलातल्या झाडाची साल कुटून टाके, मासे गुंगले की धरी. फक्त नाल्यात — बोडीत कधीच नाई. हे मले पक्कं ठाऊक. कसं? मीच त्याच्यासंगं जायचो, ते मासे खायचो.

मी म्हणालो, "कोणीतरी साल टाकली." नाव घेतलं नाई. घ्यावं लागलं नाई — सगळ्यांनी देवूकडं माना वळवल्या.

देवू पुढं आला. म्हणाला, "भाऊ, तुमी तर हुंगून सांगता. हुंगा ना."

मी वाकलो, ओंजळ भरली, हुंगली. तोच वास — ड्रमातला.

"सालच आहे," मी म्हणालो.

माझ्या नाकावर गावाचा भरवसा. तिथंच ठरलं — देवूची टोपली बंद, कायमची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः सांडव्यावरची त्याची टोपली उपटली अन् त्याच्या दारात नेऊन ठेवली. देवू घरी नव्हता. त्याची बायको अंगण झाडत होती. तिनं झाडू ठेवला, टोपलीकडं पाहिलं, आत गेली अन् रीतीनं लोटाभर पाणी आणून दिलं.

मी ते प्यालो.