धुराचा वास आणि निळी बाटली

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर बसवायची, कानामागची दांडी जरा वाकवायची, मग तोंडाजवळ तोंड नेऊन दोन्ही काचा सरळ आहेत ना ते बघायचं. दुसऱ्याच्या नाकाशी इतकी सलगी फार थोड्या धंद्यांत असते. म्हणून अंगाला वास बरा यावा, एवढ्याच हेतूने मी परफ्यूम लावायला लागलो. पुढे हेतू राहिला बाजूला आणि नाद तेवढा लागला. दुकानात माझं नाव ‘नाकाडे’ पडलं. बरेच दिवस मी ते कौतुक समजत होतो.

माझ्याकडे वर्षानुवर्षं ती निळी बाटली होती, जी सगळ्यांकडेच असते. मोठ्या फॅशनवाल्या कंपनीची. लिंबू, साबण, नुकतीच आंघोळ केल्यासारखा वास. एकदा एका गिऱ्हाइकाने मला हुंगलं आणि “अरे, आपलं सेमच की!” म्हणत टाळीसाठी हात पुढे केला. टाळी दिली, पण जीव खट्टू झाला. आपण चारचौघांसारखं नसावं असं मला फार वाटायचं. रूपाने ते जमलं नव्हतं, बुद्धीने तर नाहीच. निदान वासाने जमेल, अशी आशा होती.

मग मी एका छोट्याशा अत्तरकाराची बाटली मागवली. तो म्हणे मोजक्याच बाटल्या करतो, तेही जाणकारांसाठी. धूर, चामडं, डांबर. पहिल्यांदा हुंगल्यावर मला ठसका लागला, पण जाणकारांनाही लागत असेल अशी मी मनाची समजूत घातली. एका मनगटावर निळी, दुसऱ्यावर ही, असे दोन्ही हात मी बायकोपुढे धरले.

“नीट हुंग. भारी कुठला?”

तिने हुंगलं. “हा तुमचा. आणि हा गॅरेजचा.”

“अगं, याला खोली आहे!”

“मग त्या खोलीतच बसा. माझी माणसं यायचीत.”

दुसऱ्या दिवशी मी तो लावून दुकानात गेलो. एका आजींच्या नाकावर फ्रेम बसवत होतो, तोच त्या दचकल्या. “अहो, काहीतरी जळतंय!” मालकांनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. गिऱ्हाइकं बाहेर काढली. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. आणि मी? मी गप्प. उलट सगळ्यांबरोबर भिंती हुंगत फिरलो. इलेक्ट्रिशियन बोर्डाबोर्डाला नाक लावत लावत शेवटी माझ्यापाशी येऊन थांबला.

“मालक, वायरिंग ठीक आहे,” तो म्हणाला. “हे साहेब तेवढे तपासून घ्या.”

संध्याकाळी तोंड पाडून घरी आलो. बायको अजून कामावरून यायची होती. पुढच्या खोलीत आई टीव्ही ऐकत बसली होती. ऐकतच, तिला आता उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नाही. दुकानात भिंतभर चष्मे आहेत, पण तिच्या डोळ्यांना त्यातला एकही लागू पडत नाही. रोज मी तोंड उघडायच्या आत ती “आलास?” म्हणते. पावलांवरून ओळखते, असं मी धरून चाललो होतो.

आज ती सावरून बसली. “कोण आहे? गॅसवाले का? बसा. मुलगा येईलच एवढ्यात.”

मी बोलणारच होतो, पण मोह झाला. नुसतं “हं” केलं आणि बसलो. आपल्या माघारी आपली स्तुती ऐकायला कुणाला नको असते?

“चष्म्याच्या दुकानात असतो तो,” आई म्हणाली. “स्वभावाने चांगला आहे हो. पण...”

मी पुढे सरकलो.

“जरा खुळा आहे. एवढा मोठा झाला तरी अंगावर वास उडवत बसतो. सून म्हणते, तुम्ही बोला त्याला. मी नाही बोलत. त्याचा चेहरा काही मला आता दिसत नाही. पण जिन्यातून तो वास आला ना, की कळतं, आला आपला. मग टीव्ही बंद करते.”

टीव्ही चालूच होता.

“आई, मीच आहे.”

हात पुढे करून तिने माझं तोंड चाचपलं आणि कान सापडताच तो पिळला. “मेल्या! मस्करी करतोस? आणि हे काय फासून आलास? मला वाटलं, कुणीतरी परकाच घरात शिरला.”

चारचौघांसारखं नसण्याची माझी हौस अशी फिटली. सख्ख्या आईलाही ओळखू आलो नाही. कान तिने लगेच सोडला, पण हात बराच वेळ धरून ठेवला.

आता कामाच्या दिवशी निळीच. धुराची बाटली टाकवत नाही. सुट्टीच्या दिवशी ती लावून मी एकटाच फिरायला जातो. परत येताना तळमजल्यापासूनच ओरडत चढतो, “आई, मी आहे गं! मीच आहे!” मधल्या मजल्यावरच्या काकू दार किलकिलं करून बघतात आणि पन्नाशीचा बाप्या आईला हाका मारत जिना चढताना पाहून परत लावून घेतात.