बाहीची चूक

“काढ तो प्लास्टिकचा हात. दाखव त्याहिले.”

थ्रेशर अजून सुरू व्हायचं होतं. सोयाबीनच्या गंजीजवळ आम्ही वस्तीतल्या बाया उभ्या होतो. सगळ्यांच्या अंगात लुगड्यावरून नवऱ्याचे जुने शर्ट. मालकानं मला पुढं बोलावलं तेव्हा वाटलं, पाणी पाहिजे असेल. मला कामच ते होतं. पाणी द्यायचं आणि सांडलेले दाणे झाडून गोळा करायचे.

“लाजून कायले राह्यली? त्याहिच्या चांगल्यासाठीच सांगून राह्यलो.”

मी पट्टा सोडवायला लागले. डाव्या हातानं वेळ लागतो. सगळ्या थांबल्या. माझ्यामुळं कामाला उशीर होतोय म्हणून मला आणखी लाज वाटली. मग कोपराखाली जेवढा उरलाय तेवढा उजवा हात मी वर धरला.

“पाहून घ्या,” मालक म्हणाला. “बाही सांभाळली नाही तं असं होते. मी हिले सांगतलं होतं, बाही वर कर. आयकलं नाही. विचारा तिले.”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आम्हाला कामावर आणणारी कांता खाली बघत होती.

“हो,” मी म्हटलं. “माह्यीच चूक होती.”

हे काही मी पहिल्यांदा म्हटलं नव्हतं. वर्षभर तेच म्हणत आले होते.

मागच्या हंगामात याच वावरात, याच मशीनच्या तोंडात मी सोयाबीन टाकत होते. आभाळ आलं होतं. मालक ओरडत होता, हात चालवा, हात चालवा. दोन्ही हातांत धरलेली सोयाबीनची कवळी आत लोटली आणि उजवा हात तिच्याबरोबर गेला. दुखलं नाही आधी. आधी मशीनचा आवाज बदलला.

मालकानं स्वतःच्या गाडीत घालून यवतमाळला नेलं. नेरजवळच्या आमच्या गावापासून दवाखान्यापर्यंत मी हात शर्टात गुंडाळून पोटाशी दाबून धरला होता. कशासाठी? सीटला रक्त लागू नये म्हणून. तरी लागलं. मी म्हटलं, “मालक, माफ करा, गाडी खराब झाली.” तो म्हणाला, “आता काय करतं. तिकडं माल भिजून राह्यला.” मी त्याचीही माफी मागितली.

मालक दवाखान्यात म्हणाला, बाहीनं घात केला. गावात म्हणाला, मी सांगितलं होतं. त्यानं खरंच सांगितलं होतं का, मला आठवत नव्हतं. पण इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं आठवायला लागलं. तो उभा आहे, म्हणतोय, बाही वर कर. आणि मी ऐकत नाही.

नंतर यवतमाळच्याच, हात-पाय गेलेल्यांसाठीच्या एका केंद्रात राहिले. तिथं डाव्या हाताला सगळं नव्यानं शिकवलं. परात दोन पायांत धरून कणीक मळायची. दातांत टोक धरून परकराची नाडी बांधायची. इळ्यावर भाजी चिरायची. प्लास्टिकचा हात दिला, तो दिसायला हात. मी चांगली शिकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आले आणि मागच्या खोलीत बसून राहिले.

नवरा भाकरी थापायचा, जाड, कडा जळलेल्या. मला गिळवत नसे. पोरगी, श्वेता, कॉलेजची बस सोडून माझी वेणी घालत बसायची. मला वेणी घालता येत नव्हती, पण नाडी येत होती. तरी मी तीही तिच्याकडून बांधून घेई. माणसानं आपल्या चुकीनं सगळ्यांचं इतकं नुकसान केल्यावर शिकलेलं काय मिरवायचं, असं वाटायचं. विहारात जाणं सोडलं होतं. वंदनेला हात जोडायचे, माझा एकच.

एक दिवस केंद्रातली ताई घरी आली. श्वेताच्या हातात फणी बघितली. म्हणाली, “काकू, घरात बसायला नव्हतं शिकवलं तुम्हाला. आधी कुठं कुठं जायच्या?”

“विहारात. बाजारात. कामाले.”

“मग तिथंच जायचं.”

ती पुन्हा पुन्हा येत राहिली. नेरच्या बाजारात माझ्यासोबत उभी राहिली. भाजीवाला श्वेताला विचारत होता, “आईले काय पाह्यजे?” ताईनं पोरीला बाजूला केलं. मी स्वतः सांगितलं, अर्धा किलो वांगी. आवाज माझा मलाच परका वाटला. विहारात कांतानं मला शेजारी ओढून बसवलं. मी डावा हात छातीशी धरला आणि वंदना म्हटली. कोणी मागं वळून बघितलं नाही. मीच उगाच सगळ्यांच्या पाठी बघत बसले होते.

आणि मग कांतानं टोळीत नेलं. टोळीचं काम तीच ठरवायची. म्हणाली, “बसून खायची सवय नाही तुले. चाल.” काम याच मालकाकडं होतं.

तर, मी हात दाखवला, चूक कबूल केली आणि पट्टा पुन्हा बांधायला लागले. मान खाली. समोर मशीनचं तोंड होतं. मागच्या साली ते नुसतं उघडं होतं, छातीजवळ. आता त्याला लांब पत्रा जोडला होता, घसरगुंडीसारखा, वरून झाकलेला. बाहेरून टाकायचं, आपोआप आत घसरतं. हात पात्यापर्यंत जाऊच शकत नाही. वेल्डिंग ताजं नव्हतं. त्यावर गंज चढला होता.

मी डाव्या हाताचं बोट त्या गंजावर फिरवलं.

“मालक, हा पत्रा कधी लावला?”

“मागच्या सालीच. काहून?”

“माह्या हातानंतर?”

“तुले काय करा लागते?”

“चूक माह्या बाहीची होती, तं पत्रा कायले लावला?”

मालक हसला, मग हसायचा थांबला.

“उपकार इसरली का? माह्या गाडीत नेलं तुले.”

“नेलं. इसरली नाही. पण चूक मशीनची होती, हे तुमाले ठाऊक होतं. तरी वर्षभर माह्याकडून माफी घेतली. आता पुन्हा हात काढाले लावला.”

मी मालकाशी असं कधीच बोलले नव्हते. माझी आईही नाही, तिची आईही नाही.

“कांता,” तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “उद्यापासून हिले आणू नको. आणशील तं कोणीच येऊ नका.”

संध्याकाळी परत येताना बाया माझ्यापासून चार पावलं पुढं चालत होत्या. कांता तेवढी माझ्यासोबत. वस्ती आली तेव्हा म्हणाली, “खरं बोलली तू. पण दिवाळीच्या तोंडावर बोलली.”

दुसऱ्या दिवशी अर्ध्या बाया मालकाकडं गेल्या. कांता गेली नाही. तिचं काम बुडालं, ते माझ्यामुळं. तिची सून मला बघून आजही दार लोटून घेते. हे मला टोचतं. बाहीचं टोचणं खोटं होतं, कांताचं खरं आहे. पण आता मला दोन्ही वेगळी ओळखता येतात. आणि हे दुसरं आहे म्हणून मी गप्प बसायला पाहिजे होतं, असं मला वाटत नाही.

कांता, मी आणि मालकाकडं न गेलेल्या बाया आता दुसऱ्या वावरांत जातो. काम घ्यायच्या आधी मी मशीनचं तोंड बघते. उघडं असेल तर टोळी हात लावत नाही. दोन मालकांनी शिव्या देऊन हाकललं. एकानं दुपारपर्यंत पत्रा आणून बसवला.

परवा ताई मला बोरी अरब गावाला घेऊन गेली. तिथल्या एका पोरीची बोटं थ्रेशरमध्ये गेलीत. केंद्रातून शिकून आली आणि घरात बसली आहे. लग्नाला दोन वर्षं झालेली. आम्ही गेलो तर सासूच बोलत होती. पोरगी भिंतीकडं तोंड करून. मी तिच्याजवळ खाली बसले. ती हळूच म्हणाली, “चूक माह्यीच होती, मावशी. ध्यान नव्हतं माह्यं.”

“असं कोण म्हणते?”

सासू म्हणाली, “मशीनवाला सांगत होता. चांगला माणूस आहे. दवाखान्यात भेटाले आलता.”

मी पोरीला म्हटलं, “ऊठ. चप्पल घाल. कोणत्या वावरात आहे ते मशीन, दाखव मले. त्याचं तोंड पाहून घेऊ.”

सासू म्हणाली, आज नको, लोक काय म्हणतील. पोरगी सासूकडं बघत होती. मी उठले नाही. ती चप्पल घालेपर्यंत मी त्या घरातून उठणार नव्हते. सासूनं घालवलंच, तर उद्या येणार होते, परवा येणार होते. तिच्या तोंडून ती माफी आता पुन्हा कोणाला घेऊ देणार नाही.