मैनेच्या मार्फत

लग्न होऊन अल्लीपूरला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या भासऱ्यांनी माझ्या स्वयंपाकाची तक्रार घोडीजवळ केली. मी चुलीपुढे बसले होते, मधे तट्ट्याची भिंत, आणि पलीकडे गोठ्यात ते मैनेच्या पाठीवर खरारा फिरवत होते. "मैने," ते म्हणाले, "लहानीले सांगजो, वरनात मीठ जरासं कमी पडलं. जरासंच. रागाचं काम नाई."

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि लहानी म्हणजे मी. आमच्याकडे धाकट्याच्या बायकोने त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांचं नाव घ्यायचं नाही. त्यांनीही तिच्याशी थेट बोलायचं नाही. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. भासऱ्यांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, पुन्हा त्यांनी लग्न केलं नाही. आमचे हे सकाळच्या एस.टी.ने वर्ध्याला नोकरीवर जायचे ते दिवेलागणीला परतायचे. म्हणजे दिवसभर घरात माणसं दोन, आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. माझं माहेर जामचं. बापाचं चौफुलीवर चहाचं हॉटेल, आणि मी परकराच्या वयापासून ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडत मोठी झालेली. असल्या घरात माझा जीव गुदमरला असता.

तिसऱ्या दिवशी मी पाण्याची बादली घेऊन गोठ्यात गेले आणि मैनेच्या कानाशी, पण चांगलं मोठ्यानं म्हटलं, "मैने, तुया मालकाले सांग, मीठ कमी नव्हतं, पानी जास्त झालं होतं." कडबा तोडता तोडता ते थांबले. मग खांदे हलवत आवाज न करता हसले. तेव्हापासून आमच्या घरचा सगळा व्यवहार मैनेच्या मार्फत सुरू झाला. भाजी काय करायची, कापूस वेचणीला बाया किती सांगायच्या, ह्यांनी रुसून डबा नेला नाही, सगळं तिच्या कानावर घालायचं. ती आपली कान हलवत दोघांचं ऐकून घ्यायची.

आता ते नाहीत, तेव्हा नाव लिहायला हरकत नाही. दौलतभाऊ. उंच, वाकलेले, मिशा पिकलेल्या, आणि तोंडात 'नाही' हा शब्द नाही. गावात कोणाला वखर हवा, दौलतभाऊ. कोणाला मयताची लाकडं आणायला माणूस हवा, दौलतभाऊ. त्यांनाही शिकायचं होतं, पण बाप म्हणाला एकाने शेती पाहावी, तर हे हो म्हणाले आणि धाकटा शिकला. मी एकदा मैनेला विचारलं, "तुया मालकाले नाई म्हनता येत नाई काय गं?" पलीकडून उत्तर आलं, "मैने, लहानीले सांगजो, समोरचा हात पुढं करून उभा राह्यला का मले त्याचा हातच दिसते. मंग जीभ उचलत नाई."

त्यांच्या मनात स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट होती. नदीकाठच्या एका देवस्थानची यात्रा पौषात भरायची आणि तीन आठवडे चालायची. देवाचं वाहन घोडा, म्हणून लांबलांबहून घोडे यायचे. दर सोमवारी पंच बसायचे. पहिल्या सोमवारी घोड्याचा बांधा पाहायचा, दुसऱ्या सोमवारी चाल, तिसऱ्या सोमवारी डफड्यावरचा नाच. तिन्हीत सरस ठरेल तो घोडा शेवटच्या दिवशी पालखीपुढे चालायचा. माझ्या आजेसासऱ्यांच्या घोड्याला तो मान मिळाला होता. बाप मरताना दौलतभाऊंना म्हणाला होता, एकदा तरी आपलं जनावर पालखीपुढे चालव. आणि बापाला तर ते हो म्हणून बसलेले.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मैना भरात होती. रंगाने तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, आणि चाल अशी की पाठीवर तांब्या ठेवावा आणि पाणी हिंदकळू नये. दिवाळी झाली तशी त्यांनी तयारीला सुरुवात केली. सकाळी नाल्याच्या रेतीतून चालवणं, मग खरारा, मग अंगाला तेल. चणे स्वतः भिजवायचे, स्वतः मुठीने मोजून द्यायचे. माझ्या हातून एकदा मूठभर जास्त पडले तर धावत येऊन पाटी उचलली. "मैने, लहानीले सांगजो, घोड्याले ओकारी येत नाई. मानूस ओकून मोकळं होते. याच्या पोटात गेलं ते गेलं."

डफड्याला मैना बिचकायची. त्यावर उपाय म्हणून मला काम लागलं: रोज दुपारी तेलाचा रिकामा पिपा बडवायचा. मी पदर खोचून असा काही पिपा बडवायचे की पहिल्या दिवशी शेजारचे लोक साप निघाला म्हणून काठ्या घेऊन आले. आठवड्याभरात मैना पिप्याच्या ठेक्यावर पाय उचलायला लागली. त्या दिवशी दौलतभाऊ तिला म्हणाले, "लहानीले सांगजो, मान भेटला तर अर्धा तिचा." मला घरात कुणी अर्धं काही देऊ केलं नव्हतं. मी चुलीपाशी जाऊन बसले आणि धुराचं निमित्त करून रडून घेतलं.

यात्रेत स्वयंपाकाला मी गेले. ह्यांनी रजा काढली, पण ती थोडीच मिळाली, ते येऊन-जाऊन असत. नदीच्या काठावर पालांची रांग लागलेली. आमच्या पालात मधे सतरंजी टांगून मी एका बाजूला, ते एका बाजूला, आणि दारात खुंट्याला मैना. शेजारच्या पालात किसनाजी म्हणून जामकडचे एक गृहस्थ होते, त्यांची पांढरी घोडी. माझ्या बापाच्या हॉटेलात चहा प्यालेला माणूस, म्हणून माझ्याशी बोलायचे तरी. पहिल्या सोमवारी पंचांनी मैनेला दुसरी काढलं, पांढरी पहिली. दौलतभाऊ मैनेला म्हणाले, "असू दे. चाल बाकी हाये."

दुसऱ्या सोमवारी सकाळी मैना चालली आणि माणसं बोलायची थांबली. मी डोक्यावरचा पदर दातात धरून पाहत होते. पंचांना विचार करायची गरजच पडली नाही. मैना पहिली आली. आता नाच तेवढा राहिला, आणि नाचाची मला काळजी नव्हती, माझा पिपा होता.

पण त्या यात्रेत एक रीत होती. बाया नवस फेडायला भिजवलेले चणे आणि गूळ आणायच्या आणि घोड्याला चारायच्या. घोड्याने खाल्लं की देवाला पोचलं. आणि जिचं नाव झालं तिच्याकडे सगळ्यांची रीघ. दुपार होते न होते तो आमच्या पालासमोर बायांची ही गर्दी. कोणाच्या पदरात चणे, कोणाच्या टोपलीत. दौलतभाऊ दोर धरून उभे. घरी मुठी मोजणारा माणूस, पण पुढे आलेल्या हाताला आडवा हात त्यांच्याने लावला जाईना.

"बस झालं माय," असं त्यांनी एका म्हातारीला म्हटलेलं मी ऐकलं. म्हातारी म्हणाली, "लेकाच्या पायासाठी नवस बोलली होती बापा. चालाले लागला तो. दोन दाने खाऊ दे." त्यांनी दोर सैल सोडला.

मला राहवेना. सतरंजीआडून मी ओरडले, "मैने, तुया मालकाले सांग, तोंडाले मुस्कं बांधा म्हना." त्यांनी ऐकलं. तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "मैने, लहानीले सांगजो, देवाचं येऊन राह्यलं. देवाच्या तोंडाले मुस्कं कसं बांधू?" त्यांचा आवाज रडवेला होता. मुस्कं बाजूलाच टांगलेलं होतं. दिवस कलेपर्यंत हात येत राहिले.

मंगळवारी सकाळी मैना मान वळवून आपल्याच पोटाकडे पाहायला लागली. मग पुढच्या पायाने माती उकरायला लागली. लीद नाही, पाणी नाही. दौलतभाऊंनी तिच्या पोटाला कान लावला आणि कान काढेनात. शेवटी उठले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला काही विचारावंच लागलं नाही.

किसनाजी सायकलवर जाऊन जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आले. भला माणूस, आल्या आल्या कामाला लागला. सुई दिली, नाकातून नळी घालून तेल सोडलं, आणि म्हणाला, "फिरवत ठेवा. बसू देऊ नका. आणि तोंडावाटे आता काही म्हणजे काही देऊ नका. मी संध्याकाळी येतो." दौलतभाऊ तिला घेऊन रेतीतून फिरायला लागले. त्याच चालीने ती पहिली आली होती, आणि आता दर चार पावलांवर तिचे गुडघे वाकत होते.

तोवर यात्राभर बातमी गेली आणि उपाय सुरू झाले. कोणी हिंगाचं पाणी आणलं, कोणी ओव्याचा काढा, कोणी अंगारा. "दौलतभाऊ, हे पाजा, आमचा बैल याच्यानंच उठला." आणि मी पाहिलं, त्यांचा हात वाटीकडे जात होता. तेव्हा मी सतरंजी बाजूला केली, पदर खोचला आणि भर माणसात बाहेर आले. "कोनी पुढं याचं नाई," मी म्हणाले. "डॉक्टरनं बंद सांगितलं हाये. वाटी आनली तर फेकून देईन." एक जण म्हणाला, दौलतच्या घरची सून लई बोलते. बोलू दे म्हटलं. त्या दिवशी मी इतक्या जणांना नाही म्हणाले की घसा बसला. भासऱ्यांच्या वाट्याचं सगळं 'नाही' मी एका दिवसात म्हणून टाकलं, पण ते सोमवारी म्हणायला हवं होतं, आणि सोमवारी दोर माझ्या हातात नव्हता.

दुपारनंतर ती बसली. चौघांनी उठवलं तरी उठेना. डॉक्टर संध्याकाळची वाट न पाहता आले, पाहिलं, आणि हातातली पेटी न उघडताच उकिडवे बसले. दौलतभाऊंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ते तिला काही सांगत होते, पण ते माझ्यासाठी नव्हतं, मला ऐकू आलं नाही. ऊन नदीपलीकडे उतरलं तेव्हा ती गेली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. सांत्वनाचा एक शब्द बोलायचा तर तो कोणाच्या कानात घालू? मी आत जाऊन चूल पेटवली. दुसरं काय करणार होते?

ह्यांनी येऊन पाल उतरवायची गोष्ट काढली. पण आणलेल्या घोड्याचं पाल पालखीआधी हलवायचं नाही, अशी रीत. दौलतभाऊ बसून राहिले. उरलेले दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. दारात खुंटा होता, दोर होता. सकाळी उठून ते खरारा हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. पहिल्याच दिवशी वरणात मी मीठच घालायचं विसरले. ते तसंच जेवले. मी सतरंजीच्या फटीतून पाहत, कान लावून बसले होते. त्यांनी खुंट्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पाणी प्यायले.

मग एक दिवस किसनाजी अवघडत आले. पांढरी डफड्याला बिचकते, जरा धरता काय म्हणाले. मला इतका संताप आला की हातातली भाकर तव्यावर करपली. पण दौलतभाऊ उठले. त्यांनी त्या पांढरीला खरारा केला, तिला ठेका शिकवला. मला कोणी सांगितलं नाही, तरी मी पिपा बाहेर नेऊन ठेवला. तिसऱ्या सोमवारी पांढरी नाचली आणि मान तिला मिळाला. शेवटच्या दिवशी पालखीपुढे तिच्या लगामाचा एक पट्टा किसनाजींच्या हातात होता आणि दुसरा दौलतभाऊंच्या. किसनाजींनीच हट्टाने दिला होता. मानाच्या घोड्याला धरणारा म्हणून गर्दीतली माणसं दौलतभाऊंच्या पाया पडत होती आणि ते खाली मान घालून चालत होते.

घरी आल्यावर किसनाजींनी निरोप पाठवला, पांढरीचं पहिलं शिंगरू तुमचं. ह्यांनी ती चिठ्ठी वाचून दाखवली. दौलतभाऊ म्हणाले, "नाई." त्यांच्या तोंडून असा नकार मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. गोठा रिकामाच राहिला. मुलं झाली, बोलती झाली, त्यांच्या मार्फत कामापुरते निरोप जाऊ लागले. पण पोराला सांगितलेलं पोर अर्धं विसरतं, आणि हसायचं काही उरलं नव्हतं. मला कितीदा तरी वाटायचं, थेट जाऊन म्हणावं, की तुमचं काही चुकलं नाही, देवाला कोण नाही म्हणतं. दारापर्यंत जायचे. पदर सारखा करून परत यायचे.

मग त्यांच्या पायांवर सूज चढली, पोटात पाणी झालं. वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं. ते तिथूनच गेले, मुलं अजून शाळेत होती. जायच्या आधी दोन-तीन दिवस, सकाळी, हे औषधं आणायला खाली गेले होते आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. मी पदर पुढे ओढून, बाजूला पाहत, चमच्याने पेज भरवत होते. डॉक्टरांनी मीठ पार बंद केलेलं. पेजेत मिठाचा कण नव्हता, मलाच ती तोंडात घालवत नव्हती.

दोन चमचे घेऊन ते थांबले. खिडकीकडे पाहिलं. खिडकीत काहीच नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत.

"मैने," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी. "लहानीले सांगजो, मीठ बराबर हाये."

चमच्यातली पेज चादरीवर सांडली. किती काय सांगायचं साठलं होतं. मीही खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मैने, तुया मालकाले सांग..."

चमचा मी वाटीत ठेवला. ते ऐकण्यासाठी मान कलती करून वाट पाहत होते, गोठ्यात कडबा तोडता तोडता थांबायचे तसे.