काशीचं काम फिक्स झालं

दिघाशीची काशी गेली बारा वर्षं भिवंडीजवळ कशेळीच्या एका गोदामात खोकी भरते, आणि कागदावर पाहाल तर तिचं तिथे एकही वर्ष पुरं झालेलं नाही. हा चमत्कार ठेकेदाराचा. दर अकरा महिन्यांनी तो बायकांना महिनाभर घरी बसवतो. त्याला ब्रेक म्हणतात. परत घेताना नवा नंबर देतो, की बाई पुन्हा कोरी. एकाच टेबलाशी उभं राहून काशीच्या पायांच्या शिरा टरारून फुगल्या, तरी गोदामाच्या लेखी ती कालच आलेली. आपण एकदा कायम व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

दिल्लीत कामगारांचा कायदा बदलतोय, हे तिने कोरोनाच्या साली ऐकलं. संसदेत तो मंजूर झाला आणि पाच वर्षं तसाच पडून राहिला. शेवटी या नोव्हेंबरात लागू झाला. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं, असं त्यात आहे. टीव्हीवर हे ऐकल्यापासून काशीचे पाय जमिनीवर ठरेनात.

डिसेंबर उजाडला आणि जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर दीपेश खरंच पत्रांचा गठ्ठा घेऊन आला. मजकूर सगळा इंग्रजीत. दीपेश माणूस वाईट नाही. त्याला जेवढं पढवलं होतं तेवढं त्याने सांगितलं.

"नवीन कायद्याने तुम्हाला फिक्स टर्मवर घेतलंय, मावशी. इथे सही करा."

आता फिक्स म्हणजे काय, हे भिवंडीत कोणाला समजावून सांगावं लागतं? लग्न फिक्स होतं, भाडं फिक्स होतं, आणि एकदा फिक्स झालं की ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही. पुढचा शब्द काशीच्या कानावरून गेला.

तिने झोकात सही केली. शेजारच्या टेबलावरची जानकीबाई मात्र अंगठा द्यायला तयार होईना. तीही दिघाशीचीच, विधवा, गोदामात चौदा वर्षं काढलेली. आपली सगळी जुनी ओळखपत्रं तिने युनियनच्या चांगदेवभाऊंकडे दिली होती. मागची वर्षं मोजायला लावू, असं ते म्हणत होते, आणि मला दाखवल्याशिवाय कशावर अंगठा करू नका, असंही त्यांनी बजावलं होतं.

"आधी भाऊला दाखवते," जानकीबाई म्हणाली.

"अगो, आपला काम फिक्स झाला. आता भाऊला काय दाखवतंस? उद्या सायबाचा मन फिरला मंग?" असं म्हणत काशीने स्वतः तिचा हात धरला आणि अंगठा शाईवर टेकवला.

संध्याकाळी काशीने गल्लीत पेढे वाटले. भावाची मुलगी रीमा कॉलेजात शिकते, ती कौतुकाने पत्र वाचायला बसली आणि एका ओळीवर तिचं बोट अडलं.

"आत्या, फिक्स टर्म म्हंजे कायम न्हाय. ठरलेली मुदत. एक डिसेंबरला लागलीस, एकतीस ऑक्टोबरला काम संपला."

"आन् मागची वर्षां?"

"याच्याआधी इथं कधी काम केला न्हाय, कसला हक्क सांगनार न्हाय, असा लिवलाय. खाली तुझी सही हाय."

काशीला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला लाज वाटली. पत्र द्या म्हणून कायद्याने सांगितलं, गोदामाने दिलं. त्यात काय लिहायचं ते गोदामाने ठरवलं. तिची बारा वर्षं ठेकेदाराने पुसली, पण जानकीबाईची चौदा तिने आपल्या हाताने पुसली होती. घरात उरलेले पेढे तिला बघवेनात.

सकाळी नाक्यावर जानकीबाई कामाच्या गाडीची वाट बघत उभी होती. काशीने तिला सगळं सांगून टाकलं, काही हातचं राखलं नाही. ती शिव्या घालेल, निदान भांडेल, अशी काशीला आशा होती. जानकीबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तारीख कंची म्हनलीस?"

"एकतीस ऑक्टोबर."

जानकीबाईने बोटांवर महिने मोजले.

"म्हंजे दिवाळीच्या आधीच," ती म्हणाली, आणि गाडी आल्यावर रोजच्यासारखी पुढे चढून तिने काशीसाठी शेजारची जागा धरली. काशीला तिथे बसवेना.