गव्हाण झाडून ठेवलीय

ऊसतोडीच्या गाड्या रस्त्याला लागल्या, त्याच आठवड्यात माझी मार्थाआत्या गेली. बीडला मी ज्या शाळेत शिकवते तिथं भर दुपारी फोन आला. लिंबागणेशच्या एसटीडी बूथवरून माझा धाकटा भाऊ दानिएल बोलत होता. "ताई, आत्या..." एवढंच म्हणाला, आणि मग रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. आदल्याच रविवारी मी तिला भेटून आले होते. खाटेवर पडल्या पडल्या तिनं विचारलं होतं, "सुमे, आगमनकाळाचा पहिला रविवार कधी हाय गं?" मी म्हटलं, "अजून लांब आहे, आत्या." "मग झोपते जरा," म्हणाली आणि कुशीवर वळली. वाट बघायचा कंटाळा असा तिला कधी आलाच नाही.

आमची वस्ती लिंबागणेशच्या पुढं, डोंगराच्या कडेला. कोरडवाहू तुकडा, त्यावर वर्षाचं भागायचं नाही. दसरा सरला की आई-बाबा बैलगाडी जुंपून साखर कारखान्याला निघायचे, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचे. अर्ध्या वस्तीला कुलूप. मागं राहायची ती म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मी आत्याजवळ राहायचे. तीही तरणी असताना तोडीला जायची. तिथंच, थळात म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावर, भरल्या गाडीचं चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं. त्याच सालात नवरा गेला, आणि ती पाय ओढत माहेरी आली ती कायमची. "त्या थळात मी पुन्हा पाय टाकणार न्हाई," असं तिनं सांगितलेलं होतं, आणि आत्याचा शब्द म्हणजे शब्द.

वस्तीवर आमचं एकट्याचं घर ख्रिस्ती. नाताळ पडतो तोडीच्या ऐन हंगामात. त्यामुळं लहानपणी आई-बाबांबरोबर केलेला नाताळ मला आठवतच नाही, कारण तो झालाच नाही. नाताळच्या आधीच्या चार रविवारांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. येशूबाळ येणार, त्याची तयारी करायची. शहरातल्या चर्चमध्ये दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत नेतात. आमच्याकडं फादर महिन्यातून एकदा फटफटीवरून यायचे, आणि मेणबत्त्या लागायच्या त्या लाईट गेल्यावर. आत्यानं आपली रीत काढली होती. बैल कारखान्याला गेलेले, गोठ्यातली गव्हाण रिकामी. येशूबाळाला जन्मल्यावर गव्हाणीतच निजवलं होतं ना? मग पहिल्या रविवारी ती गव्हाण झाडायची. दुसऱ्या रविवारी पांढऱ्या मातीनं पोतारायची. तिसऱ्याला कडबा अंथरायचा, चौथ्याला त्यावर मऊ गोधडी. आणि नाताळच्या सकाळी फादरनी दिलेली मातीची बाळमूर्ती तिथं ठेवायची. त्याच्या आधी नाही, मी कितीही हट्ट केला तरी नाही.

शेजारच्या रुक्मिणमावशीला याची भारी गंमत वाटायची. कुडावरून वाकून म्हणायची, "अगं मार्था, बैलं गेली कारखान्याला. रिकामी गव्हाण कावून झाडायलीस?"

"येणार हाय कुणीतरी."

"कोण येणार हाय बाई तुझ्याकडं?"

"ज्याला जागा लागंल त्यो."

तिसऱ्या रविवारी हमखास मावशीची शेळी गोठ्यात शिरून कडबा फस्त करायची. मी दगड उचलला की आत्या म्हणायची, "खाऊ दे गं. गव्हाणच हाय ती, देऊळ न्हाई." आणि पुन्हा पेंढी सोडायची. संध्याकाळी हात जोडून एवढंच मागायची... "एक नाताळ असा दे, समदी घरी आसतील."

मी सातवीत गेले त्या वर्षी दानिएल झाला. अंगावर पिणारं पोर मागं ठेवता येईना, आणि पाचटाच्या झोपडीत, कोपीत, त्याला एकटं टाकून आईला उसात शिरता येईना. दसरा झाला आणि बाबा म्हणाले, "सुमीला संगं घेऊ." वस्तीवरच्या पोरींच्या शाळा अशाच सुटत होत्या. पाठचं भावंड सांभाळायला म्हणून जायच्या, पुढच्या साली हातात कोयता यायचा, त्याच्या पुढच्या साली हळद लागायची. मला हे सगळं कळत होतं. मी गाडीत बसायला निघाले तशी आत्या पुढं आली. माझं दप्तर तेवढं तिनं काढून घेतलं आणि घरात खुंटीला अडकवलं. "हितं राहू दे," म्हणाली.

कोपीसमोर दानिएलला मांडीवर घेऊन मी रविवार आठवत बसायचे. आज आत्यानं झाडलं असंल, आज पोतारलं असंल... शाळेत सहामाही झाली असंल.

आणि नाताळच्या तोंडावर एका दुपारी, उसाच्या गाड्यांच्या मधून, पाय ओढत आत्या आली. डोक्यावर बोचकं, तोंडावर धूळ. आईच्या हातातली मोळीच खाली पडली. "वन्सं, तुमी? आन हितं?"

"पोर सांभाळायला आले. सुमी जाईल घरी."

"आवो पण पायाचं काय? तुमाला जमंल व्हय?"

"झोळीला झोका द्यायला पाय लागतोय का गं? हात हायेत की मला."

बाबा म्हणाले, "आक्का, तू म्हनली हुतीस, पुन्हा थळात..."

"म्हनले हुते. आता आले. तुला काय पावती पायजे का?" बाबा हसले, आणि मला घरी पोचवायला त्यांनी दुसऱ्या दिवशीचा खाडा धरला. मग माझ्याकडं वळून ती म्हणाली, "तिसऱ्या रविवारापतोर समदं करून आलेय. गव्हाण झाडून ठेवलीय. चौथा रविवार तुझा."

बाबांनी मला एसटीनं घरी आणून सोडलं. दारात रुक्मिणमावशी. आत्यानं मला तिच्या हवाली केलं होतं. "चल, भाकरी खा आधी," म्हणाली, "आन त्या शेळीला बांधून ठेवलंय बघ. तुझ्या आत्यानं लई तंबी दिलीया." गोठ्यात गेले तर कडबा जसाच्या तसा. मावशी मागं उभी राहून बघत होती. मी गोधडी अंथरली तशी म्हणाली, "कोण येनार, कोण येनार म्हनून मी मार्थाला हसत हुते. आलीस की."

दानिएल शाळेत जाईपर्यंत दर हंगामाला आत्या त्या थळात जात राहिली. मी मावशीकडं जेवले, झोपले, अभ्यास केला, आणि चारही रविवार एकटीनं सांभाळले. दहावी झाले. अंबाजोगाईला कॉलेज केलं. बी.ए. झाले, बी.एड. झाले. हे सांगताना मी मान खाली घालणार नाही. आमच्या घरात आधी कुणी दहावीसुद्धा पाहिली नव्हती. मला नोकरी लागली त्या वर्षी बाबांनी बैल विकले. आत्यानं मागितलेला नाताळ आला. सगळे घरी. मला वाटलं, आता ती गव्हाणीचा नाद सोडेल. तर पहिल्या रविवारी पुन्हा झाडू घेऊन गोठ्यात. मी चिडवलं, "आत्या, आता कोण यायचं राहिलंय?"

"राहतंय गं कुणीतरी. कायम राहतंय," म्हणाली, आणि झाडत राहिली.

परवा पहिला रविवार झाला. गोठ्यात आता दानिएलची सायकल असते. ती बाहेर काढून मी गव्हाण झाडली. कोपऱ्यात आत्याचाच झिजलेला झाडू होता, त्यानंच झाडली. कुडापलीकडून मावशीचा आवाज आला, "सुमे, कडबा माझ्याकडचा ने गं औंदा." शेळी तिनं आत्ताच बांधून टाकली आहे. दानिएल बारावीला आहे. आई अंगणात ज्वारी निवडत बसली होती, बाबा उन्हाला. रस्त्यानं कारखान्याला शेवटच्या गाड्या चालल्या होत्या. आमच्या घरातलं त्यात कुणी नव्हतं.