लांबूचं ‘हो’

उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या टोळीत त्यांना सगळे ‘मामा’ म्हणत. टोळीत देशोदेशीची माणसं; मामा म्हणजे आईचा भाऊ, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या वर्षी मामांच्या पाळण्यात, म्हणजे काचा पुसायला दोरांवरून खाली सोडतात त्या फळीवर, नवा जोडीदार आला. दूरदेशीचा, ताडमाड उंच. मामांनी त्याला लांबू करून टाकलं. माणूस कष्टाळू, तोंडात सदा ‘हो’. दोघांना कामापुरती भाषा यायची, तेवढ्यावर भागत होतं.

एका सकाळी गच्चीवरून पाळणा सोडण्याआधी मामांनी विचारलं, “हुक लावलास?”

“हो.”

पाळणा निम्म्यावर आला तेव्हा मामांचं लक्ष त्याच्या कमरेकडे गेलं. पट्ट्याचा हुक नुसता लोंबकळत होता. खाली मोटारी काडेपेट्यांएवढ्या दिसत होत्या. मामांनीच तो हुक दोराला अडकवला.

“अरे, मग हो कशाला म्हणालास?”

लांबूने मान खाली घातली. “हो,” तो पुटपुटला.

घरी मामांनी ताट बाजूला सारलं. “याला समजतं की नाही, तेच समजत नाही. जोडीदार बदलून मागतो.”

बायको भांडी विसळत होती. “परवा साहेबांनी विचारलं, पाठदुखी गेली का. काय म्हणालात?”

“हो म्हणालो.”

“गेली होती?”

“मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?”

बायकोने पातेलं पालथं घातलं आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा ‘लावलास?’ असं विचारीनासे झाले. “कुठे लावलास, दाखव,” म्हणायचे. मग स्वतःचा पट्टा पुढे करायचे. “आता माझा ओढून बघ.” वडीलधाऱ्याच्या पट्ट्याला हात लावताना लांबू आधी अगदी संकोचायचा. मामांची धाकधूक काही जात नव्हती.

मग तो वाऱ्याचा दिवस आला. गच्चीवर दोर नुसते फडफडत होते. साहेब म्हणाले, “आज ही बाजू संपवायचीय. होईल ना, मामा?”

मामांच्या जिभेवर सवयीचं ‘हो’ आलंच होतं.

“नाही,” लांबू म्हणाला. इतक्या हळू, की साहेबांनी पुन्हा विचारलं. “नाही,” लांबू पुन्हा म्हणाला.

मामांनी जिभेवरचं ‘हो’ गिळलं. “तो बरोबर बोलतोय, साहेब. वारा पडेपर्यंत नाही उतरणार.”

साहेब फोन कानाला लावून निघून गेले. दुपारभर दोघं पाण्याच्या टाकीला टेकून जिन्याच्या दाराकडे बघत बसले. दार वाऱ्याने वाजलं तरी दचकत होते.

“आपल्याला काढतील?” लांबूने विचारलं.

“माहीत नाही रे.”

संध्याकाळी साहेब आले, “उद्या लवकर या,” एवढंच म्हणाले आणि वळले.

नोकरी टिकली. साहेब मात्र कितीतरी दिवस तुटकच बोलायचे, आणि त्यांनी हाक मारली की मामांना वाटायचं, आता काढतात की काय. लांबू आता पाळणा सोडण्याआधी मामांचा पट्टा पुन्हा पुन्हा ओढून बघतो. मनासारखा नसला, तर त्यांना कठड्यापाशी ताटकळत ठेवतो.