अंगावर साग उगवलेली बाई

गोष्टी लिहिणाऱ्याकडे गोष्टींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मी अहेरीत विज्ञान शिकवते आणि भयकथा लिहिते. भूतबीत नाही, माझ्या गोष्टीत माणसाचं शरीरच माणसावर उलटतं. रविवारी दुपारी रफीकभाईंच्या टेलरिंगच्या दुकानात आम्ही चौघं जमतो आणि मी नवं प्रकरण वाचते. जाते घाबरवायला आणि येते स्वतःच घाबरून!

सध्याची गोष्ट सुमनची. जंगलातल्या जुन्या रेस्ट हाउसात ती नवऱ्याबरोबर राहायला येते आणि तिच्या पाठीवर सागाची साल उगवायला लागते.

*

पहिलं प्रकरण जीव ओतून वाचलं. संपल्यावर दुर्गेभाऊ, म्हणजे आमचे रिटायर्ड वनरक्षक, गंभीरपणे म्हणाले, "बाई, तिच्या नवऱ्याले सांगा, कुऱ्हाड लावू नको म्हनाव. सागवान आहे ते. अंगावरचं असलं तरी तोडाले परवानगी लागते!"

परवानगीचा सीन घालावा की काय, या काळजीत माझा आठवडा गेला.

*

रफीकभाईंची तक्रार वेगळीच. "मॅडम, साल तीन बोटं वाढली म्हनता, अन् ब्लाउज तोच? शिलाई नाई उसवली? मले पटून नाई राह्यलं."

खरंच की! नवऱ्याच्या आधी हे टेलरला कळणार, हे मला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या प्रकरणात सुमन दार लावून स्वतःच शिवणी उसवते, असं लिहिलं. रफीकभाईंनी टेप गळ्यातून काढून खाली ठेवली. "अब डर लगा!"

*

नागपूरच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला.

"गडचिरोलीची गोष्ट, म्हणजे नक्षलवादी असतील?"

"नाहीत."

"वाघ?"

"नाही."

"मांत्रिक तरी?"

"नाही हो."

"मग मॅडम, वाचकांनी घाबरायचं कशाला?"

*

कशाला, ते मला कुसुमबाईंनी दाखवलं. चौघांतल्या त्या चौथ्या, अंगणवाडी सेविका. तिसऱ्या प्रकरणात सुमन साल पदराखाली लपवते. ऐकताना त्या मध्येच म्हणाल्या, "नवऱ्याले काऊन नाई सांगत ते?"

"भीती वाटते तिला."

"कशाची? सालीची, का सांगाची?"



दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी त्यांनी मला थांबवलं. काखेत गाठ होती. सहा महिन्यांपासून. घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. गावभरच्या बायांना तपासणीला पिटाळणारी ही बाई! "तुमच्या सुमननं तोंड उघडलं माहं," म्हणाल्या.

*

चंद्रपूरला तपासण्या झाल्या, ऑपरेशन ठरलं. बसमध्ये चढताना त्यांनी बजावलं, "शेवटचं प्रकरण मले आपरेशनच्या आधी पाहिजे. फोनवर वाचा."

आणि मी तर शेवट लिहून बसले होते! सुमनचं झाड होतं. पूर्ण. बदलावा तर गोष्ट खोटी पडते, न बदलावा तर ही बाई ऑपरेशनच्या टेबलावर काय विचार करत जाईल?

"बरी करून टाका ना मॅडम तिले," रफीकभाई म्हणाले. "आपल्याच तर हातात आहे."

दुर्गेभाऊंनी या वेळी सागाबद्दलही काही विचारलं नाही.

*

ऑपरेशनच्या सकाळी फोन आला. मागं दवाखान्यातली भांड्यांची आदळआपट ऐकू येत होती. मी कागद हातात घेतले. पहिली दोन पानं लिहिली होती तशीच वाचली. तिसऱ्यावर धीर सुटला. मग मी मनानंच सांगत सुटले. साल सैल झाली, एकेक ढलपी गळून पडली. सुमन आंघोळ करून उन्हात बसली. पाठ स्वच्छ, कोवळी. नवऱ्यानं चहा आणून दिला.

"संपलं," मी म्हटलं.



"बाई, मघापासून पान उलटल्याचा आवाज नाई आला."

मी हातातल्या कागदांकडे पाहिलं.

"नर्स अजून आली नाई," त्या म्हणाल्या. "आता खरं वाचा."